पायाळू लेकीच्या रक्ताचा एक थेंब

पत्राचा सारांश : नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहेत, यजमान अंबडला कारखान्यात. सासर दिंडोरी तालुक्यात, तिथली द्राक्षबाग थोरले दीर बघतात. लागोपाठ दोन वर्षं अवकाळीनं बाग हातची गेली आणि कर्ज डोक्यावर बसलं. गेल्या दिवाळीत दिरांनी एका महाराजांना एकवीस हजार देऊन मुठीएवढा लालसर स्फटिक आणला. महाराज त्याला 'रक्तमणी' म्हणतात. दर अमावास्येला घरातल्या एकानं बोट टोचून त्यावर थेंब सोडायचा, मणी रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी ते पाणी तीर्थ म्हणून सगळ्यांनी घ्यायचं. ही विद्या निषिद्ध आहे, बाहेर बोललात तर मणी उलटेल, अशी ताकीद. त्यानंतर फेब्रुवारीत बाग चांगली निघाली, भावही मिळाला.

आता महाराज म्हणतात, मणी जागा झालाय. शेतातल्या जुन्या बांधाखालचं गुप्तधन तो दाखवेल, पण त्यासाठी सर्वपित्री अमावास्येला पायाळू कुमारिकेच्या रक्ताचा एक थेंब हवा. ताईंची नऊ वर्षांची मुलगी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. दीर आधी म्हणाले, "तुझं तर रोजचं काम, तूच घरी काढून दे." महाराजांनी ते मोडून काढलं. थेंब जागेवरच पडायला हवा, रात्री शेतात, मुलीला आजी घेऊन येईल, आईनं यायचं नाही. यजमान म्हणतात, "एक थेंबच तर आहे, दादाचं मन राहू दे." सासूबाई गप्प आहेत.

पत्राच्या शेवटी ताई लिहितात : "आषाढात मुलीला डेंगू झाला. प्लेटलेट उतरत होत्या. तापाच्या सहाव्या रात्री भाऊजी मणी घेऊन घरी आले आणि मीही माझं बोट टोचलं. दोन दिवसांनी आकडे वर आले. मी शिकलेली आहे, मला सगळं कळतं. तरी नाही म्हणायला जीभ उचलत नाही. मणी उलटला तर?"

उत्तर :

ताई,

बाकी सगळं सावकाश बोलू. आधी एवढंच, की लेकीला त्या रात्री शेतात जाऊ देऊ नका. आजीबरोबर नाही, बाबांबरोबर नाही, तुमच्याबरोबरसुद्धा नाही. सर्वपित्रीच्या दोन दिवस आधीपासून ती तुमच्या नजरेसमोर किंवा तुमच्या माहेरी असू द्या. शाळेत वर्गशिक्षिकेला आजच सांगून ठेवा, की आईशिवाय कुणीही मुलीला न्यायला आलं, अगदी घरचं माणूस आलं, तरी आधी आईला फोन करायचा.

इतकं टोकाचं का सांगते? तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात आणि मी मात्र तिथेच अडकले. 'आईनं यायचं नाही.' ताई, तुम्ही रोज लहान मुलांचं रक्त घेता. मूल रडायला लागलं की तुम्ही आईला काय सांगता? बाहेर जा म्हणता की मांडीवर घेऊन बसा म्हणता? एका थेंबासाठी आईला लांब ठेवायची गरज कुणाला पडते, याचा विचार करा. आणि तुम्ही घरी काढून दिलेला थेंब महाराजांना का चालला नाही, याचाही करा. थेंबच हवा असता तर तो चालला असता. त्यांना मूल हवंय तिथे, रात्री, आईविना.

गुप्तधन, पायाळू, कुमारिका, अमावास्येची रात्र, हे शब्द एका वाक्यात आले की महाराष्ट्रात ज्यांचं वय साठीच्या पुढे आहे त्यांना मानवत आठवतं. परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात १९७२ ते १९७४ या काळात मुलींचे आणि बायकांचे एकापाठोपाठ खून झाले, आणि तपासात गुप्तधनासाठी, अपत्यासाठी दिलेल्या बळींचा धागा पुढे आला. मी तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. तुमचे दीर खुनी आहेत असं तर मुळीच म्हणत नाही. तुमच्या पत्रावरून मला ते कर्जानं पिचलेले, रात्र रात्र जागणारे गृहस्थ वाटतात. पण त्या रात्री शेतात काय होणार हे तुमचे दीर ठरवणार नाहीत. आणि जे ठरवणार आहेत त्यांच्या मागण्या कशा चढत गेल्या ते बघा : आधी पैसे, मग थोरल्यांचं रक्त, मग गुप्तता, आता मूल. बांध खणला आणि काही निघालं नाही, तर महाराज काय म्हणतील? मी चुकलो म्हणतील का? ते म्हणतील, थेंब कमी पडला.

आता तुमच्या बोटाबद्दल बोलू. कारण मला वाटतं, तुमची जीभ तिथेच अडकली आहे. 'मी स्वतः एकदा दिलं, आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू?'

त्या रात्रीचं चित्र मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. सहा दिवसांचं जागरण, हातात मुलीचा रिपोर्ट, आणि तो रिपोर्ट तुम्हाला इतर कुठल्याही आईपेक्षा जास्त कळतो, म्हणजे भीतीही जास्त. भाऊजी लाल फडक्यात गुंडाळलेला दगड घेऊन दारात उभे. तुम्ही पर्समधली लॅन्सेट काढली, स्पिरिटनं बोट पुसलंत की नाही कुणास ठाऊक. ताई, माझ्या मुलाच्या ऑपरेशनच्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात बसून मी तीन देवांना तीन नवस बोलले होते, आणि तेव्हा मी समुपदेशनाचं काम करून दहा वर्षं झाली होती. लेकरू हातातून निसटतंय असं वाटलं की आई मिळेल ते धरते. ती लाज वाटायची गोष्ट नाही. फक्त त्या रात्री धरलेली काठी जन्मभर हातात ठेवायलाच हवी असं नाही.

आणि तारखा बघा, तुम्हीच लिहिल्यात. डेंगूत साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरायला लागतो, आणि नेमक्या त्याच सुमाराला प्लेटलेट सगळ्यात खाली असतात. तो धोक्याचा काळ एक-दोन दिवसांचा. तो निभावला की आकडे आपोआप चढतात. तुम्ही सहाव्या रात्री बोट टोचलंत, आठव्या दिवशी आकडे चढले. तुमच्या लॅबमध्ये त्या आठवड्यात डेंगूचे जे बाकीचे पेशंट आले त्यांचे रिपोर्ट काढून बघा. किती जणांचे आकडे असेच चढले? त्यांच्यातल्या कुणाच्या घरी मणी होता? तुमच्या मुलीला वाचवलं ते सलाईननं, वेळेवर पाणी पाजणाऱ्या तुमच्या हातानं आणि प्लेटलेट तयार करणाऱ्या तिच्या स्वतःच्या अस्थिमज्जेनं. श्रेय चुकीच्या पत्त्यावर गेलंय, एवढंच.

बागेचंही तसंच. फेब्रुवारीत आभाळ स्वच्छ राहिलं ते काय तुमच्याच बांधापुरतं? शेजारच्या बागेवर गारा पडल्या आणि तुमची तेवढी वाचली, असं झालं का? यजमानांना सांगा, दादांना एकच प्रश्न विचारा : आपल्या शिवारात यंदा अजून कुणाकुणाच्या बागा चांगल्या निघाल्या? द्राक्षवाल्या माणसाला उत्तर ठाऊक असतं. ऑक्टोबर छाटणी नीट साधली, डाऊनी आणि भुरी या रोगांवरच्या फवारण्या वेळेवर झाल्या, घड तयार होताना पाऊस आला नाही, की द्राक्षाच्या मण्यांना तडे जात नाहीत आणि माल भावानं जातो. तुमच्या दिरांनी वर्षभर पहाटे उठून पाठीवर पंप घेतला. त्या कष्टाचं फळ ते एका दगडाच्या पदरात टाकतायत, हे मला फार लागलं. त्यांच्याशी बोलाल तेव्हा हे जरूर बोला. 'भाऊजी, बाग तुम्ही पिकवलीत', हे वाक्य त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नसेल.

तुम्ही एक प्रश्न विचारलाय तो मला टाळायचा नाही. तुम्ही लिहिता, मी रोज शंभर बोटं टोचते, मग एका थेंबाचा एवढा बाऊ का? अगदी खरं आहे, एका थेंबानं शरीराला काही होत नाही. दुखणं आहे ते थेंब कशासाठी जातो आणि कुणाच्या होकारानं जातो याचं. तुमच्या लॅबमध्ये मुलाच्या बोटातून थेंब निघतो, त्यावर त्याचं नाव लिहिलं जातं आणि त्याचं उत्तर त्याच मुलाकडे परत येतं, औषध होऊन. शेतातला थेंब तुमच्या लेकीचा, आणि त्यातून जे मिळायचं ते कर्ज फिटणं, सोनं निघणं, थोरल्यांची चिंता मिटणं. देणारी एक आणि घेणारे सगळे. आणि देणारी नऊ वर्षांची, जी काकाला नाही म्हणू शकत नाही.

रक्त देणं ही आपल्याकडे मोठी गोष्ट मानतात आणि ती आहेच. पण रक्तपेढी अठरा वर्षांखालच्या कुणाचं रक्त घेत नाही. वजन बघते, हिमोग्लोबिन बघते, माणूस स्वतःच्या पायानं आला की नाही ते बघते. पैसे देऊन रक्त घेणं तर आपल्या देशात १९९८ पासून बंद आहे. मुंबईत १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अतिशय दुर्मीळ रक्तगट शोधला, जगभर तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. या गटाच्या माणसाला त्याच गटाचं रक्त लागतं. कुठेतरी असा पेशंट अडला की कुणी अनोळखी माणूस बस पकडून दुसऱ्या शहरात जातो, हात पुढे करतो आणि चहा पिऊन परत येतो. रक्तात अशी ताकद आहे, ताई, आणि तुम्ही ती रोज हाताळता. तुमच्या दिरांना खरंच रक्त अर्पण करायचं असेल तर सर्वपित्रीलाच पितरांच्या नावानं रक्तपेढीत जाऊन एक बाटली देऊ देत. मी हे मनापासून सुचवतेय. ज्याला काहीतरी द्यायचंच आहे त्याचे हात नुसते बांधून ठेवले तर तो दुसरीकडे देतो.

आता तो दगड. पाणी आधी थांबवा, आजपासून. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात तातडीची वाटलेली दुसरी गोष्ट हीच. लाल दिसणारे सगळेच दगड निरुपद्रवी नसतात. हिंगूळ लाल असतो, त्यात पारा असतो. मनशीळ केशरी-लाल असते आणि हरताळ पिवळा, दोन्हींत आर्सेनिक. पोथीतला चुकलेला मजकूर पुसायला पूर्वी तोच हरताळ लावत, 'हरताळ फासणे' तिथूनच आलं. तुमच्या घरातला दगड यातलाच असेल असं नाही, बहुतेक नसेलच. पण काय आहे ते कळल्याशिवाय त्याचं पाणी कुणाच्या, विशेषतः मुलीच्या पोटात जाता कामा नये. याआधी घेतलेल्या तीर्थानंतर कुणाला उलट्या, पोटदुखी, हातापायाला मुंग्या असं काही झालं असेल तर डॉक्टरांना हे तीर्थाचं स्पष्ट सांगा. लाजून पोटात ठेवू नका. दुसरं तर तुम्हीच मला शिकवाल : एकाच सुईनं किती जणांनी बोटं टोचली? धुतल्याशिवाय त्याच दगडावर किती जणांनी बोट टेकवलं? हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. घरातल्या सगळ्यांची एकदा तपासणी करून घ्या. तुमच्याच लॅबमध्ये नको वाटलं तर दुसरीकडे.

आणि तो दगड नेमका काय असेल, यावरही माझा एक अंदाज आहे. आपला नाशिक जिल्हा उभाच आहे लाव्हाच्या काळ्या खडकावर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, आणि त्यांत मुरलेल्या गरम पाण्यातून हळूहळू स्फटिक वाढले. क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, स्टिलबाइट, हुलँडाइट, अपोफिलाइट अशी कितीतरी नावं. कुणाच्या विहिरीचं काम काढलं, खाणीत सुरुंग लावला, की खडक फुटतो आणि आत चमकणारी पोकळी दिसते. लाल रंग बहुतेक वेळा लोहाच्या ऑक्साइडचा असतो. रक्तसुद्धा लोहामुळेच लाल दिसतं, त्यामुळे मणी रक्त 'पितो' असं कुणाला वाटलं तर मला त्याचं नवल वाटत नाही. काही वेळा तर साधी काच रंगवून विकतात. भिंगातून बघा, आत गोल हवेचे बुडबुडे दिसले तर काच समजा.

सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत 'गारगोटी' नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे, नाशिकहून तासाभराची वाट. एखाद्या रविवारी मुलीला घेऊन जा, जमलं तर दिरांनाही. महाराजांनी एकवीस हजारांना विकलेल्या वस्तूचे भाऊबंद काचेच्या कपाटात रांगेनं बसलेले बघितले की माणसाला जे वाटतं, ते माझ्या शंभर वाक्यांनी वाटणार नाही. मुलीला तर नुसतं सुंदर वाटेल, आणि तिला स्फटिक भीतीशिवाय बघायला मिळणं मला फार गरजेचं वाटतं.

यजमानांशी कसं बोलायचं? 'दादाचं मन राहू दे' हे वाक्य म्हणणारा माणूस वाईट नसतो, तो दोन्हीकडे बांधलेला असतो. तुमचा पगार आणि त्याचा पगार नाशिकमध्ये शाबूत आहे, दादा मात्र गावात गारा झेलतोय, याची टोचणी त्याला असणार. म्हणून भांडणाची सुरुवात 'तुमचा भाऊ अडाणी आहे' अशी करू नका. त्याला सांगा, तुमच्या भावाला मदत करायची आहे आणि ती आपण दोघांनी करायची आहे, पोरीनं नाही. नकार त्याच्या तोंडून जायला हवा, हे मात्र ठाम धरा. कारण सून नाही म्हणाली आणि पुढच्या वर्षी गारपीट झाली, तर बोट तुमच्याकडे वळेल. मुलगा नाही म्हणाला तर ते घरातलं मतभेदाचं प्रकरण राहतं.

दिरांना एका दमात दोन गोष्टी सांगायच्या. एक नकार, एक हात. "दादा, पोरीचं रक्त आम्ही देणार नाही, ती त्या रात्री गावाला येणारही नाही. रविवारी आम्ही दोघं येतो, कर्जाचे सगळे कागद काढून ठेव." नुसता नकार दिला तर ते महाराजांकडे जातील. कागद काढून ठेव म्हटलं तर एक रविवार तरी तुमच्याकडे येतील. त्या रविवारी वही घेऊन बसा : सोसायटीचं किती, सावकाराचं किती, व्याज कोणत्या दरानं, सावकाराकडे परवाना आहे का, फळपीक विम्याचा हप्ता भरला होता का, बँकेकडे कर्जाच्या पुनर्गठनाचा, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून घेण्याचा, अर्ज केलाय का. तुमच्या पत्रात महाराजांना दिलेला आकडा नेमका आहे, कर्जाचा मात्र 'बरंच' असा. घरात कुणालाच तो नीट माहीत नसावा असा माझा तर्क आहे. ज्याची बेरीजच केलेली नाही त्या कर्जाला गुप्तधनाशिवाय दुसरा उपाय सुचत नाही. दिरांना झोप लागत नसेल, जगण्याची इच्छा उरली नाही असं काही ते बोलत असतील, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये टाकून द्या. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

सासूबाई गप्प आहेत असं तुम्ही लिहिलंत. त्यांच्या गप्प बसण्याला होकार समजू नका. नातीला अंधारात घेऊन जायचं काम त्यांच्यावर टाकलंय. त्यांना एकट्या गाठा, पाय चेपत बसा, आणि विचारा, 'आई, तुम्हाला काय वाटतं?' जाऊबाईंनाही विचारा. अशा घरात बायका आपापल्या खोलीत एकट्या घाबरतात, आणि दोघीतिघींनी एकमेकींना सांगितलं की भीती अर्धी होते, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

कायद्याचं थोडक्यात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. अलौकिक शक्ती मिळवून देतो म्हणून जीवावर बेतेल अशी अघोरी प्रथा करणं किंवा दुसऱ्याला करायला लावणं, गुप्तधनासाठी अमानुष कृत्य करणं, तसा सल्ला किंवा उत्तेजन देणं, हे या कायद्यानं गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पूजा, वारी, कीर्तन, कुलाचार यांना हा कायदा हात लावत नाही, त्यामुळे 'देवाधर्माच्या विरोधात गेलीस' असं कुणी म्हणालं तर निर्धास्त राहा. या कायद्याखाली पोलीस खात्यात दक्षता अधिकारी नेमलेले असतात. नाशिकमध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आहेत, ते सोबत येतात, ठाण्यात एकटीनं जायची वेळ येऊ देत नाहीत. मुलीला न्यायची कुणी जबरदस्ती केली तर ११२, आणि मुलांसाठीचा १०९८.

पोलिसांत आधी जायचं की घरात बोलून बघायचं? तुम्ही घरात बोला, पण मुदत घालून. सर्वपित्रीच्या आठ दिवस आधीपर्यंत दिरांनी विधी रद्द केल्याचं तुमच्यासमोर महाराजांना फोनवर सांगितलं नाही, तर नातं टिकवायची जबाबदारी तुम्ही खाली ठेवा आणि ठाण्यात जा. आणि विधी रद्द झाला तरी महाराजांचं नाव दक्षता अधिकाऱ्यापर्यंत जायला हवं. पायाळू मुली दुसऱ्या घरांतही आहेत. त्यातून २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, गोदाकाठी देशभरातून लोक येतील आणि त्यांच्या श्रद्धेवर डोळा ठेवून असली माणसंही येतील.

म्हणून दगड गोदावरीत सोडू नका. नदीला त्याची गरज नाही आणि तुम्हाला पुराव्याची गरज पडेल. हातमोजे घाला, तुमच्याकडे असतातच, आणि दगड डब्यात बंद करून ठेवा. पैसे फोनवरून गेले असतील तर त्या व्यवहाराची नोंद, महाराजांचे निरोप, आवाजातले संदेश, काही पुसू नका.

'मणी उलटला तर?' या प्रश्नाला मी 'उलटत नाही' एवढंच उत्तर दिलं तर ते तुम्हाला पुरणार नाही, कारण हे तुम्हाला आधीच माहीत आहे. भीती वेगळीच आहे. पुढच्या वर्षभरात घरात कुणाला तरी ताप येईल, कुणाची तरी गाडी घसरेल, कदाचित अवकाळीही येईल. तेव्हा मध्यरात्री तुमच्याच मनात येईल, मी नाही म्हणाले म्हणून. यावर मी अनेकींना एक साधी गोष्ट करायला लावलीय. एक वही घ्या आणि मणी घरात यायच्या आधीच्या दोन वर्षांत घरात काय काय वाईट झालं ते आठवून लिहा : आजार, अपघात, नुकसान, सगळं. ती यादी लहान नसेल. तेव्हा मणी नव्हता, कुणी कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि तरी हे सगळं झालं होतं. मध्यरात्री ती वही उघडायची. तुमच्यासारख्या ज्या वाचकांच्या घरात खडा, ताईत, भारलेलं लिंबू असं काही शिरलंय आणि काढायची भीती वाटतेय, त्यांनीही करून बघावं.

राहता राहिली लेक. तिच्या कानावर काय काय गेलंय हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण नऊ वर्षांच्या मुलीला घरातलं सगळं ऐकू येतं. आपण पायाळू आहोत, आपल्यात काहीतरी आहे, ते सगळ्यांना हवंय, एवढं तिला नक्की कळलं असेल. तिला विचारा, तुला काय काय सांगितलंय? मध्ये न बोलता ऐका. मग तिला सांगा, की शंभरातली तीन-चार बाळं जन्माच्या वेळी पायाकडून असतात. पोटात जागा कमी असते, काही बाळं वळतात, काहींची वळायची राहून जातात. तुझंही राहून गेलं. डॉक्टरांची धावपळ झाली, बाबा बाहेर येरझाऱ्या घालत होते, आणि तू बाहेर आलीस तेव्हा पहिल्यांदा दिसले ते तुझे पाय. त्या दिवसाचं अजून जे जे आठवतं ते सगळं सांगा, वेळ, पाऊस होता की ऊन, पहिल्यांदा कुणी घेतलं. पायाळूपणाची ही गोष्ट तिला तुमच्याकडून मिळू दे, महाराजांच्या आधी.

आणि हेही सांगा, की लॅबमध्ये किंवा दवाखान्यात आईबाबा सोबत असतील तेव्हा सोडून कुणीही, काकासुद्धा, तुझ्या बोटाला सुई लावायला आला तर जोरात ओरडायचं. ओरडून दाखव म्हणा. घरात, दार लावून, दोघींनी मिळून एकदा खरंच ओरडून बघा.